रॉकवाल्यांना व्हॉल्व्हचाच ॲम्प का लागतो?

गंधार_मुलुंड

नमस्कार मंडळी. मी इलेक्ट्रॉनिक्सवाला, पंचवीस वर्षं पॉवर सप्लाय डिझाइन करतोय. मुलगी कॉलेजच्या बँडमध्ये गिटार वाजवते. गेल्या महिन्यात तिच्याबरोबर अंधेरीच्या एका जॅमरूममध्ये गेलो होतो. कोपऱ्यात दोन ॲम्प होते, एक ट्रान्झिस्टरचा आणि एक जुना मार्शल, व्हॉल्व्हचा, म्हणजे आत तापणाऱ्या काचेच्या नळ्या असलेला. तिने मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं आणि म्हणाली, "बाबा, मागे वळायचं नाही, नुसतं ऐका." तीच गिटार, तीच केबल, तोच ई कॉर्ड. पाच वेळा वाजवलं, पाचही वेळा मी बरोबर ओळखलं. घरी येताना लोकलमध्ये तोच कॉर्ड कानात.

आता माझी अडचण. कॉलेजात आम्हाला शिकवलं की डिस्टॉर्शन, म्हणजे लाटेचा आकार बिघडणं, हा दोष. कागदावर ट्रान्झिस्टरचा ॲम्प सगळ्यात पुढे: हलका, स्वस्त, तापत नाही, विकृती कमी. तरी साठ वर्षं रॉकवाले मार्शल, फेंडर आणि व्हॉक्सच्या त्याच त्या जुन्या सर्किटांवर जीव टाकतात. मुलीलाही तोच हवाय. पैसे द्यायला माझी ना नाही, पण कारण समजल्याशिवाय मला चैन पडणार नाही. हे विज्ञान आहे की जुन्या आठवणींची माया?

पॉवरकॉर्ड

विज्ञान. बाकी जाणकार सांगतीलच. मी खुर्ची ओढून बसलोय.

रेडिओदुरुस्ती

गंधारराव, प्रश्न आवडला. मी साताऱ्याचा. वडिलांचं रेडिओ दुरुस्तीचं दुकान होतं, त्यामुळे माझं लहानपण व्हॉल्व्हच्या उजेडातच गेलं. आजही शौक म्हणून दोन-चार गिटार ॲम्प दरवर्षी उघडतो.

तुम्ही हाय-फायच्या नजरेने बघताय. घरच्या स्टिरिओचं काम मुकाट्याने आवाज पोचवायचं. इलेक्ट्रिक गिटारचं तसं नाही. सतारीला भोपळा असतो, साध्या गिटारला पोकळ पोट असतं. इलेक्ट्रिक गिटार म्हणजे भरीव फळी, तिला स्वतःचा आवाज जवळजवळ नाहीच. तिचा भोपळा म्हणजे ॲम्प आणि स्पीकर. भोपळा बदलला की वाद्य बदललं.

मूळ मुद्दा: आवाज व्हॉल्व्हला पेलवेनासा झाला की तो हळूहळू वाकतो. ईसीसी ८३ सारख्या ट्रायोडमध्ये, म्हणजे साध्या छोट्या व्हॉल्व्हमध्ये, एका बाजूला ग्रिडमध्ये (मधल्या जाळीत) करंट शिरायला लागतो, दुसऱ्या बाजूला व्हॉल्व्ह बंद पडत जातो. लाटेची दोन टोकं दोन वेगळ्या तऱ्हेने गोल होतात. साध्या ट्रान्झिस्टर ॲम्पमध्ये भरपूर निगेटिव्ह फीडबॅक असतो, म्हणजे बाहेरचा थोडा सिग्नल उलटा करून परत आत देऊन चूक सुधारणं. तो शेवटच्या क्षणापर्यंत लाट सरळ ठेवतो, आणि मग कात्रीने कापल्यासारखं टोक उडतं. त्या कापलेल्या कडेतून वरचे हार्मोनिक्स (मूळ सुराच्या पटीतले सूर) एकदम उसळतात आणि कानाला टोचतात.

षड्ज

थोडक्यात, व्हॉल्व्ह सम हार्मोनिक देतो म्हणून गोड आणि ट्रान्झिस्टर विषम देतो म्हणून कर्कश. सगळीकडे हेच वाचलंय.

रेडिओदुरुस्ती

षड्ज, हे सगळीकडे लिहिलेलं असतं, पण निम्मंच खरं आहे. मार्शल, व्हॉक्सचा एसी ३० आणि मोठे फेंडर, सगळ्यांचा शेवटचा टप्पा पुश-पुल, म्हणजे उलट्या दिशांनी काम करणाऱ्या व्हॉल्व्हच्या जोडीचा असतो. तिथे सम हार्मोनिक एकमेकांना काटतात आणि विषमच उरतात. मार्शल फुल केल्यावर जी छाती भरून येते त्यात विषम हार्मोनिकचा वाटा मोठा आहे. सम येतात ते मुख्यतः आधीच्या प्रीॲम्पच्या टप्प्यांतून, किंवा फेंडर चॅम्पसारख्या एकाच पॉवर व्हॉल्व्हवर चालणाऱ्या छोट्या ॲम्पमधून. डिस्टॉर्शन कुठल्या जातीचं, यापेक्षा ते कसं सुरू होतं हे कानाला जास्त कळतं.

षड्ज

हे माहीत नव्हतं. दुरुस्तीबद्दल आभार.

काका_डोंबिवली

व्हॉल्व्ह म्हटलं की आमच्या घरचा मर्फी आठवतो. बटण दाबलं की अर्धा मिनिट काही नाही, मग हळूहळू घूं आवाज, आणि ती हिरवी जादूची डोळ्यासारखी पट्टी मिटत यायची. आई म्हणायची, "थांब रे, अजून तापलाय कुठे." बातम्यांच्या आधी पाच मिनिटं लावून ठेवायचा. धुळीचा तो तापलेला वास अजून नाकात आहे.

पॉवरकॉर्ड

काका, गिटार ॲम्पलाही डिट्टो तेच. स्टँडबाय टाकून चहा घेऊन यायचं.

लंडनचा_बाळू

मी पश्चिम लंडनमध्ये राहतो, हॅनवेलपासून बसने वीस मिनिटांवर. मार्शलची गोष्ट तिथलीच, म्हणून सविस्तर लिहितो. कारण या प्रश्नाचं अर्धं उत्तर इतिहासात आहे.

जिम मार्शल मूळचा ड्रमर आणि ड्रम शिकवणारा. अक्सब्रिज रोडवर त्याचं वाद्यांचं दुकान होतं. तिथे येणाऱ्या पोरांना अमेरिकेचे फेंडर ॲम्प हवे असायचे, पण ते महाग आणि मिळायला अवघड. मग दुकानातला दुरुस्ती करणारा केन ब्रॅन आणि डडली क्रेव्हन नावाचा पोरसवदा तंत्रज्ञ यांनी फेंडर बेसमनच्या सर्किटावरून १९६२ मध्ये स्वतःचा ॲम्प बांधला. जिम आणि मुलगा टेरी यांच्या नावावरून तो जेटीएम ४५.

सर्किट जवळजवळ तेच. मग आवाज वेगळा का झाला? कारण भाग इंग्लंडात मिळतील ते वापरले. फेंडरमध्ये पहिला व्हॉल्व्ह कमी गेनचा, म्हणजे सिग्नल कमी वाढवणारा १२एवाय७ होता, इथे जास्त गेनचा ईसीसी ८३ आला. म्हणजे ॲम्प लवकर भरून वाहायला लागला. ट्रान्सफॉर्मर ब्रिटिश. पॉवर व्हॉल्व्ह थोड्याच काळात केटी ६६ झाले आणि पुढे ईएल ३४. आणि सगळ्यात मोठा फरक खोक्याचा: बेसमनमध्ये मागून उघड्या खोक्यात दहा इंची चार जेन्सन स्पीकर, मार्शलचे बारा इंची चार सेलेशन स्पीकर पूर्ण बंद खोक्यात. समोर उभं राहिलं की तो आवाज पोटात लागतो.

बेसमन मुळात बेस गिटारसाठी बनवला होता. लोकांनी त्यात साधी गिटार लावली, त्याची इंग्लंडात नक्कल झाली, आणि त्यातून जगाला रॉकचा आवाज मिळाला. कोणी ठरवून केलेलं नाही. मला ही गोष्ट फार प्रिय आहे.

पुढे द हूच्या पीट टाउनशेंडने आणखी मोठा आवाज मागितला, तेव्हा १०० वॅटचे ॲम्प आले. त्याला आठ स्पीकरचं एकच खोकं हवं होतं. ते उचलून माणसांच्या कमरा जायला लागल्या, म्हणून चार-चारची दोन खोकी एकावर एक ठेवली. तोच 'स्टॅक'.

ड्रमवाली

आणि गिटारवादक जिमी हेंड्रिक्सचा ड्रमर मिच मिचेल जिम मार्शलकडेच ड्रम शिकलेला. शिवाय हेंड्रिक्सचं पूर्ण नाव जेम्स मार्शल हेंड्रिक्स! रॉकमध्ये ड्रमरचं योगदान विसरू नका हो.

लंडनचा_बाळू

बरोबर, ताई. मूळ दुकान ड्रमचंच, त्यामुळे मान तुमचाच.

तानपुरा_मिरज

मी गिटारवाला नाही, आमचं घराणं तानपुरे-सतारी बांधणारं. पण रेडिओदुरुस्ती यांचा 'हळूहळू वाकतो' हा शब्द वाचून थांबलो.

तानपुऱ्याच्या घोडीचा माथा किंचित बाकदार घासलेला असतो. तार छेडली की ती त्या बाकाला स्पर्श करत-सोडत राहते, त्यातून जवारी उमटते. घोडी आणि तार यांच्यामध्ये सुताचा धागा सरकवतो, केसाच्या अंतराने, जिथे आवाज उलगडतो तिथे थांबतो. धागा काढला तर आवाज शुद्ध येतो, पण मेलेला. म्हणजे आम्हीही तारेच्या साध्या आवाजात मुद्दाम भर घालतो आणि गवई त्याच्यासाठी जीव टाकतो. 'डिस्टॉर्शन म्हणजे दोष' असं आमच्या कारखान्यात कोणी म्हटलं तर आजोबांनी धागाच हातात दिला असता.

गंधार_मुलुंड

आता ट्यूब पेटली! मनापासून आभार.

षड्ज

उपमा सुंदर, पण पूर्ण लागू होत नाही. जवारी मंद छेडलं तरी येते. व्हॉल्व्हचं वैशिष्ट्य उलट आहे: हळू वाजवलं तर आवाज स्वच्छ, जोरात वाजवलं तर फाटतो. हा फरक महत्त्वाचा, कारण गिटारवाल्याचं सगळं सुख तिथे आहे.

शीतल_गिटार

षड्ज यांनी नेमकं बोट ठेवलं. मी पंधरा वर्षं वाजवतेय, पुण्यात आणि आता बंगळुरात. ऐकणाऱ्याला जितका फरक कळतो त्याच्या दसपट वाजवणाऱ्याच्या बोटांना कळतो. म्हणून गंधारदादा, मुलीने तुम्हाला ऐकवलं त्यात तिचं निम्मंच म्हणणं पोचलं.

एक प्रयोग सांगते. ॲम्प असा लावा की गिटारचा व्हॉल्यूम दहावर असताना तो गुरगुरेल. एक कॉर्ड मारा. आता ॲम्पला हात न लावता गिटारवरचा नॉब करंगळीने पाचवर आणा आणि तोच कॉर्ड पुन्हा मारा. चांगल्या व्हॉल्व्ह ॲम्पमध्ये आवाज फार लहान होत नाही, पण गुरगुर निघून जाते आणि खाली घंटेसारखा स्वच्छ आवाज उरतो. सहावर थोडी कुरकुर, आठवर राग. पेडल नको, स्विच नको. पिक ऐवजी अंगठ्याच्या मांसाने तार ओढली तर अजून वेगळं. क्वीनच्या ब्रायन मेने एसी ३० फुल ठेवून, पुढे ट्रेबल बूस्टर लावून, सगळं गिटारच्या नॉबवर चालवलं. एसी ३० मध्ये निगेटिव्ह फीडबॅक नाहीच, त्यामुळे तो फार लवकर हाताला ओ देतो. चार ईएल ८४, ३० वॅट, आणि वरची जाळी इतकी तापते की हात ठेववत नाही.

फेंडर ट्विन रिव्हर्बचं बरोबर उलट. तो मोठ्या आवाजापर्यंत स्वच्छच राहतो. म्हणजे 'व्हॉल्व्ह' हा एक आवाज नाहीच. लोक ज्याच्यावर प्रेम करतात ती ठरावीक सर्किटं आहेत, आणि प्रत्येकाचा स्वभाव निराळा.

पॉवरकॉर्ड

+१. शिवाय 'सॅग'! जोरात कॉर्ड मारला की रेक्टिफायर व्हॉल्व्ह (एसीचं डीसी करणारा) पुरेसा करंट देऊ शकत नाही, व्होल्टेज बसतं, मग सावरतं. आवाज आधी दबतो आणि मग फुलतो. मार्शलची जादू तीच.

रेडिओदुरुस्ती

सॅगबद्दल बरोबर, पण मार्शलचा दाखला चुकला. जेटीएम ४५ मध्ये जीझेड ३४ रेक्टिफायर व्हॉल्व्ह आहे. मार्शलच्याच १०० वॅटच्या सुपर लीडमध्ये सिलिकॉन डायोड आहेत. म्हणूनच सुपर लीड कडक लागतो आणि जेटीएम मऊ. हेंड्रिक्सचा आवाज आवडतो म्हणून रेक्टिफायर व्हॉल्व्ह शोधत फिरू नका.

दुसरी गोष्ट कोणी काढली नाही म्हणून सांगतो. व्हॉल्व्ह ॲम्पचा आउटपुट इंपिडन्स (एसीला होणारा विरोध) जास्त असतो, त्यामुळे स्पीकरवर त्याची पकड ढिली. स्पीकरचा स्वतःचा इंपिडन्स खालच्या अनुनादाच्या जागी आणि वरच्या सुरांत वाढतो, आणि ॲम्प त्या दोन्ही ठिकाणी जास्त आवाज सोडतो. खाली धमक, वर चमक. आणि गिटारचा स्पीकर साधारण पाच हजार हर्ट्झच्या वर फारसं काही सोडतच नाही, त्यामुळे डिस्टॉर्शनचा काटेरी भाग तिथे गाळला जातो. तोच सिग्नल घरच्या हाय-फाय स्पीकरमधून ऐका, माशांचं मोहोळ उठल्यासारखं वाटेल. स्पीकरला श्रेय फार कमी मिळतं.

दहा_तेरा

मी विरुद्ध बाजूने बोलतो. बी. बी. किंग कित्येक वर्षं लॅब सिरीजच्या ट्रान्झिस्टर ॲम्पवर वाजवत होता. रोलंडचा जेसी १२० हा १९७५ पासूनचा ट्रान्झिस्टर ॲम्प, आणि मेटॅलिकाने स्वच्छ आवाजासाठी तोच वापरला. आणि आता केम्परसारखे डिजिटल मॉडेलर आलेत, ॲम्पची नक्कल करणारे. रेकॉर्डिंगमध्ये मला तरी फरक कळत नाही. ठाण्याच्या फ्लॅटमध्ये ३० किलोचं खोकं ठेवून, कधीच फुल न करता, व्हॉल्व्ह बदलत राहायचं, यात मला अर्थ दिसत नाही. आम्ही जो आवाज 'बरोबर' मानतो तो आधी रेकॉर्डवर ऐकलेला असतो. १९६६ मध्ये एरिक क्लॅप्टनने जॉन मेयॉलबरोबर रेकॉर्डिंग करताना मार्शल मोठ्याने वाजवू द्या असा हट्ट धरला, आणि तेव्हापासून लेस पॉल गिटार आणि मार्शल हाच कानाचा मापदंड झाला. तेव्हा जेसी १२० असता तर मापदंड वेगळा असता.

शीतल_गिटार

दहा_तेरा, कानाला सवय लागते हे शंभर टक्के मान्य. मॉडेलर मीही वापरते, विमानाने जायचं असेल तर तोच. पण बघा, मॉडेलर बनवणारे कशाची नक्कल करतात? त्याच प्लेक्सीची (जुन्या मार्शलची), त्याच एसी ३० ची, त्याच ट्विनची.

दहा_तेरा

हा मुद्दा बिनतोड आहे. मान्य.

परदेशी_पाहुणा

एक कळकळीची सूचना, सगळ्यांसाठी. माझ्या भावाने अमेरिकेतून जुना ॲम्प आणला, १२० व्होल्टचा. मी कौतुकाने पिन बदलून थेट आपल्या २३० ला लावला. फ्यूज उडाला. मला वाटलं फ्यूज जुना असेल, म्हणून मोठ्या क्षमतेचा घातला. दोन सेकंदांत ट्रान्सफॉर्मरमधून पिवळसर धूर निघाला आणि घरभर जळक्या लाखेचा वास. चाळीस वर्षं टिकलेली वस्तू माझ्या हातून गेली. अजून वाईट वाटतं. मागचं लेबल वाचा. स्टेपडाउन ट्रान्सफॉर्मर वापरा, तोही पुरेशा वॅटचा.

रेडिओदुरुस्ती

फार वाईट झालं. पण ट्रान्सफॉर्मर गुंडाळून मिळतो, जुना टाकून दिला नसेल तर सांगा. त्याला जोडून: फक्त ६० हर्ट्झसाठी बनवलेला ट्रान्सफॉर्मर आपल्या ५० हर्ट्झवर जास्त तापतो, व्होल्टेज बरोबर दिलं तरी. लेबलवर ५०/६० लिहिलेलं आहे का बघा.

आणखी दोन गोष्टी, हात जोडून सांगतो. स्पीकर जोडल्याशिवाय व्हॉल्व्ह ॲम्प कधीही चालू करू नका, आउटपुट ट्रान्सफॉर्मर जातो. आणि आत ४०० व्होल्टच्या वर डीसी असतं. पिन काढली तरी कपॅसिटरमध्ये ते साठून राहतं. हौस म्हणून मागचं पॅनेल उघडून बोट घालू नका. वडिलांचा नियम होता, चालू सेटवर काम करताना एक हात खिशात. मी आजही पाळतो.

काका_डोंबिवली

अवांतर: व्हॉल्व्ह आता मिळतात कुठे? पूर्वी बंगळुरात भारत इलेक्ट्रॉनिक्स (बीईएल) बनवायची, मुंबईत लॅमिंग्टन रोडला खोकीच्या खोकी असायची.

रेडिओदुरुस्ती

काका, ते जुने बीईएलचे व्हॉल्व्ह आता जपून ठेवण्यासारखे झालेत. इंग्लंडात ब्लॅकबर्नला मुलार्डचा मोठा कारखाना होता, तोही बंद झाला. आज नवे येतात ते मुख्यतः रशिया, चीन आणि स्लोव्हाकियातून. गिटारवाले नसते तर ईएल ३४ चं उत्पादन केव्हाच थांबलं असतं असं मला वाटतं.

गंधार_मुलुंड

मंडळी, तीन आठवड्यांनी परत येतोय. धागा मुलीला वाचायला दिला. तिने शीतलताईंचा नॉबचा प्रयोग त्याच जॅमरूममध्ये करून दाखवला. या वेळी मी तिच्या समोर उभा राहिलो आणि तिच्या करंगळीकडे बघत होतो. दहावरून पाचवर. मग तिने नॉब तसाच ठेवला आणि नुसत्या हाताचा जोर कमी-जास्त केला, तरी आवाज बदलत गेला. मग म्हणाली, "आता तुम्ही मारा." मला कॉर्ड येत नाही, मोकळ्या ई तारेवर एक फटका मारला. हळू मारला, जोरात मारला. ॲम्पने दोन्ही वेळा वेगळं उत्तर दिलं. मी पंचवीस वर्षं जे टाळायला शिकलो ते इथे माझ्या हाताखाली चालत होतं. माझ्या प्रश्नाचं उत्तर मला मिळालं.

आता खरेदीचं. आमचा फ्लॅट टू बीएचके, खाली एक आजी राहतात, त्यांची दुपारची झोप आहे. मार्शल ५० वॅटचा घ्यावा का? की निम्मा आवाज हवा म्हणून २५ चा?

षड्ज

वॅट निम्मे म्हणजे आवाज निम्मा नाही! ५० चे २५ केले की फक्त ३ डेसिबल कमी होतात, जेमतेम जाणवतील. कानाला निम्मा वाटायला दहावा हिस्सा लागतो, म्हणजे ५ वॅट. आणि ५ वॅटसुद्धा फ्लॅटमध्ये फुल केला तर आजी उठतील.

शीतल_गिटार

५ वॅटचा, एका पॉवर व्हॉल्व्हचा घ्या, आणि सोबत ॲटेन्युएटर. पॉवरचा बराच भाग तो उष्णतेत घालवतो, म्हणजे ॲम्प फुल आणि आवाज बोलण्याएवढा. थोडा मऊ होतो आवाज, कारण स्पीकर पूर्ण हलत नाही, पण हाताला मिळणारं उत्तर टिकतं. कार्यक्रमाला पुढे माइक लावायचा. आणि घ्यायच्या आधी मुलीने स्वतः जाऊन वाजवून बघायचा, ऑनलाइन नको.

गंधार_मुलुंड

ठरलं. एक सेकंडहँड बघितलाय, ईएल ८४ चा. रविवारी जातोय. मालक म्हणतो व्हॉल्व्ह जुना आहे, बदलावा लागेल. नेमका कुठला घ्यावा?

रेडिओदुरुस्ती

वडिलांच्या खोक्यात बीईएलचे दोन ईएल ८४ पडून आहेत, टेस्टरवर चांगले दाखवतात. एक तुमच्या लेकीला. पत्ता व्यनि (खासगी निरोप) करा, कापसात गुंडाळून पाठवतो. बसवताना सॉकेटमध्ये सरळ दाबा, हलवत हलवत नाही, पिना नाजूक असतात.